नमणे आणि नमविणे

नाताळच्या उपासनेत ज्या एका गुणाचे वर्णन आपण दरवर्षी ऐकतो, तो गुण म्हणजे नम्रता. राजांचा राजा राजवाड्यात न जन्मता गुरांच्या गव्हाणीत निजला, तेव्हा आपणही नम्र व्हावे, असे त्या उपदेशाचे सार असते. हा उपदेश खरा आहे. परंतु तो प्रथम कोणाला उद्देशून आहे, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. विद्यार्थिमित्रहो, तोच विचार आज तुमच्यापुढे व तुमच्या मातापित्यांपुढे मांडण्याची माझी इच्छा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकांतून सुचला नाही. तो आमच्या घरातूनच आला. माझे आजोबा तरुणपणी खेड्यातील चावडीपुढून जाताना पायांतील वहाणा काढून हातात घेत. वाड्यावर काम असले तर अंगणाबाहेर मान खाली घालून उभे राहावयाचे, आणि कोणी मोठा मनुष्य दिसताच कमरेत वाकून जोहार घालावयाचा, असा तेव्हाचा शिरस्ता होता. पुढे ते ख्रिस्ती झाले व प्रौढपणी अक्षरे शिकले. एका नाताळला नम्रतेवरील उपदेश ऐकून घरी आल्यावर ते म्हणाले, "अरे, वाकायचं आम्हांला कुणी शिकवायला नको. निम्मा जन्म वाकण्यातच गेला. देवानं आम्हांला उभं राहायला शिकवलं, ते सांगा की कुणीतरी!" मी त्या वेळी लहान होतो. त्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः मुलांना पवित्र शास्त्र शिकवू लागल्यावर, शुभवर्तमानातच सापडला.

लूकाच्या शुभवर्तमानातील जन्मकथेत गव्हाणीचा उल्लेख तीनदा आला आहे. आपण देखाव्यात मांडतो तो बैल व ते गाढव तेथे नाहीत. गोठा हा शब्दही तेथे नाही. आहे ती केवळ गव्हाण. रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूताने जी खूण सांगितली ती हीच, की बालक बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत निजलेले आढळेल. ह्या खुणेत केवढी दया आहे! तारणारा राजवाड्यात जन्मला आहे असे त्यांना कळते, तर अंगाला मेंढरांचा वास येणाऱ्या त्या माणसांना पहारेकऱ्यांनी वेशीवरूनच परतविले असते. गव्हाणीपाशी जावयास मात्र कोणाची परवानगी नको. ती जागा त्यांच्या नित्य ओळखीची होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मत्तयाने वर्णिलेले मागी लोक विद्वान होते. सोने, ऊद व गंधरस अर्पण करण्याइतके संपन्न होते. त्यांनी बालकाच्या पाया पडून नमन केले, असे मत्तय आवर्जून सांगतो. मेंढपाळांविषयी लूक तसे काही लिहीत नाही. ते धावत गेले, त्यांनी बालकाला पाहिले, जे ऐकले होते ते इतरांस सांगितले व देवाचे गौरव करीत परत आले, एवढेच तो लिहितो. त्यांना प्रथम सांगण्यात आले ते वाकण्याविषयी नव्हे, तर भय सोडण्याविषयी. मरीयेच्या स्तोत्राचा आशयही हाच आहे: बलवान सिंहासनांवरून उतरविले जातात आणि दीन उंचावले जातात. हे स्तोत्र गाणारी मरीया स्वतः गरीब होती. शुद्धीकरणासाठी कोकरू आणावे, आणि तेवढी ऐपत नसल्यास होल्यांचा किंवा पारव्यांचा जोडा आणावा, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. तिने आणला तो पक्ष्यांचा जोडा.

ह्यावरून मला असे वाटते की, नम्रता आणि लाचारी ह्या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. ज्याच्यापाशी उंची आहे तो प्रीतीने, स्वखुशीने खाली उतरतो, ती नम्रता. ज्याला दुसरा बळाने खाली दाबतो, त्याची ती लाचारी. ख्रिस्त खाली आला तो खाली असलेल्यांना तेथेच ठेवण्यासाठी नव्हे.

बेथलेहेम येथे सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळी पुन्हा बांधलेले ख्रिस्तजन्माचे मंदिर आजही उभे आहे. त्याचा मूळचा भव्य दरवाजा पुढे चिणून लहान केला गेला. घोडेस्वारांना व गाड्यांना आत शिरता येऊ नये म्हणून तसे केले, असे सांगतात. आज ते द्वार अवघे सुमारे चार फूट उंच आहे आणि त्याला 'नम्रतेचे द्वार' म्हणतात. राजा असो की धर्मगुरू, त्याला तेथे वाकावे लागते. लहान मूल मात्र ताठ मानेने आत जाते.

असे उतरणे आपल्या महाराष्ट्रानेही पाहिले आहे. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. त्यांनी मनात आणले असते तर संस्कृतप्रचुर भाषेने विद्वानांना थक्क केले असते. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात वेचली, कारण अल्पशिक्षित स्त्रियांना ते वाचता यावे, ही त्यांची तळमळ होती. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. विदुषीने आपली भाषा गव्हाणीएवढी खाली आणली, म्हणून ती गरिबांच्या हाती लागली.

मुलांनो, वर्गात पहिला येणाऱ्याने मागे राहिलेल्या सोबत्याच्या शेजारी बसून त्याला गणित समजावून द्यावे, ही नम्रता होय. शाळेचे अंगण झाडणाऱ्या मावशींना आधी नमस्कार करावा, ही नम्रता होय. परंतु कोणी तुमच्या वडिलांच्या धंद्यावरून, वस्तीवरून किंवा अंगावरील कपड्यांवरून तुम्हांस मान खाली घालावयास सांगेल, तर ती घालू नका. तसे वाकणे प्रभूने मागितलेले नाही.

आणि पालकहो, आपल्यापैकी कित्येक जण फीविषयी बोलावयास येतात, तेव्हा शिक्षकांच्या खोलीबाहेर वहाणा काढून, दाराशी अंग चोरून उभे राहतात. ते पाहून माझ्या मनाला फार क्लेश होतात. आपणांस कळकळीची विनंती आहे की, वहाणा पायांत असू द्या, आत या आणि खुर्चीवर बसा. उठून उभे राहण्याचे काम आमचे आहे.