माझगांवच्या बाजारांत एक दुपार

मुंबईच्या निरनिराळ्या भागांचीं नांवें घेऊं लागलें म्हणजे गिरगांव, दादर, परळ हीं आमच्या वाचकांच्या जिभेवर सहज येतात. माझगांव मात्र बहुधा कोणाच्या तोंडीं येत नाहीं. कोंकणांतील जुन्या मंडळींना तें बोटीमुळें ठाऊक, आणि व्यापाऱ्यांना करामुळें. पूर्वीं ज्याला विक्रीकर भवन म्हणत व सन २०१७ पासून जेथें वस्तु व सेवा कराचा कारभार चालतो, ती राज्य सरकारची मोठी कचेरी माझगांवांत आहे. ज्या गांवीं साऱ्या महाराष्ट्राच्या व्यापाराचा हिशेब होतो, त्या गांवाचा स्वतःचा व्यापार कसा काय चालला आहे, हा प्रश्न आम्हांला कधीं पडला नव्हता. तो पडण्याचा योग आमचे मामेभाऊ नाना यांच्यामुळें आला.

नानांचें गिरगांवांत वह्या-कागदांचें लहानसें दुकान आहे. तें त्यांच्या वडिलांनीं घातलेलें. अलीकडे गिऱ्हाईक रोडावलें, मुलगा परदेशीं स्थायिक झाला, तेव्हां दुकान आवरून टाकावें असें नानांनीं मनाशीं जवळजवळ ठरविलें होतें. तत्पूर्वीं जुन्या विक्रीकराची एक किरकोळ बाकी निकालांत काढावी, म्हणून त्यांना माझगांवास जावयाचें होतें. "अरे, तूंहि चल बरोबर. एकट्याला त्या जिन्यांचा कंटाळा येतो," असें ते म्हणाले, आणि आम्ही निघालों.

हार्बर लाइनीवरील डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरलों तेव्हां अकरा वाजून गेले होते. सन १९२५ त हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली ती याच लाइनीवरून. स्टेशनाबाहेर पडलें म्हणजे एका बाजूस गोद्यांच्या लांबच लांब भिंती, दुसऱ्या बाजूस चढाव आणि जुन्या चाळी, व मधून मालमोटारींची रांग, असा देखावा दिसतो. नव्या माणसास वाटावें, कीं येथें बाजार असा नाहींच. परंतु चाळींच्या तळमजल्यांकडे नीट पाहिलें तर दोरखंड, लोखंडी सांखळ्या, जुनीं यंत्रें, रंग, कुलपें, पाव-बिस्किटें अशा नाना जिनसांचीं दुकानें एकास एक लागून दिसूं लागतात.

मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं माझगांव हें एक. पोर्तुगीज अमदानींत येथें आंबराया होत्या, आणि येथील आंबा शहाजहान बादशहाच्या पंक्तीस जात असे, असें सांगतात. पुढें अठराव्या शतकांत किल्ल्यांतील दाटीला कंटाळलेल्या धनिक साहेबलोकांनीं येथें बागबंगले बांधिले. मग गोद्या आल्या, आणि बागांच्या जागीं चाळी व वखारी उभ्या राहिल्या. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची माथारपाखाडी, हसनाबाद येथील पहिल्या आगाखानांची कबर, चिनी वस्तीची साक्ष देणारें सन १९१९ चें देऊळ, घोडपदेवाचें स्थान, हीं सारीं एका फेरींत पाहून होतात. इतक्या प्रकारचे लोक येथें आले ते कामासाठीं आले, आणि बाजार त्यांच्या मागोमाग आला. एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारें तिच्यावरच उभें आहे.

नानांचें काम अपेक्षेपेक्षां लवकर उरकलें. चहासाठीं म्हणून आम्ही हँकॉक पुलाच्या बाजूस वळलों. रेल्वेच्या रुळांवरून माझगांव आणि डोंगरी यांना जोडणारा हा पूल. जुना पूल जीर्ण झाला म्हणून सन २०१६ च्या जानेवारींत पाडण्यांत आला, आणि त्याच्या जागीं नव्या पुलावरून वाहतूक सुरू होण्यास सन २०२२ चा ऑगस्ट उजाडला. तीहि आरंभीं एकाच बाजूनें. मधल्या साडेसहा वर्षांत शाळेचीं मुलें जीव मुठींत धरून रूळ ओलांडीत, आणि ज्यांना तें जमत नसे ते दूरचा वळसा घेत. चहाच्या दुकानाशेजारीं कुलपें-किल्ल्यांचें दुकान होतें. त्याच्या वयस्कर मालकांस नानांनीं व्यापाऱ्याच्या भाषेंत विचारलें, "कसा काय धंदा?"

ते म्हणाले, "पूल गेला तेव्हां गिऱ्हाईक भांडून गेलें नाहीं हो. नुसतें यायचें थांबलें. आतां पूल आला आहे. पण साडेसहा वर्षांत लोकांचे पाय दुसऱ्या वाटेला लागले. पाय परत वळायला वेळ लागतो."

नानांनीं एक लहानसें कुलूप विकत घेतलें. त्यांना त्याची गरज नव्हती, हें आम्हांस ठाऊक होतें.

तेथून मागें फिरून आम्ही भंडारवाड्याच्या टेकडीवर चढलों. येथें पूर्वीं माझगांवचा किल्ला होता. तो सन १६९० त सिद्दी याकुतखानानें उडवून दिला. आतां टेकडीच्या पोटांत पाण्याचा जलाशय, आणि माथ्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे स्नेही आणि होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बाप्टिस्टा हे याच माझगांवचे. पुढें ते मुंबईचे महापौरहि झाले. बाकावर बसलें म्हणजे पूर्वेकडील सारें बंदर तळहातावर घेतल्यासारखें दिसतें, आणि येथील बाजार कां उतरला याचें कारणहि तेथूनच दिसतें.

प्रिन्सेस डॉक सन १८८० त खुली झाली, व्हिक्टोरिया डॉक सन १८८८ त, आणि अलेक्झांड्रा डॉक सन १९१४ त. त्या काळीं जहाजांतील प्रत्येक पोतें, प्रत्येक गांठ माणसाच्या पाठीवरून उतरे. हमाल, खलाशी, टॅलीवाले कारकून, गाडीवान अशी मनुष्यांची रीघ दिवसरात्र लागलेली असे. त्यांना चहा लागे, जेवण लागे, चप्पल, छत्री, गांवीं पाठविण्याचें लुगडें लागे. सन १९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शेंकडों माणसें मेलीं आणि आसपासच्या वस्त्या जळाल्या. तरीहि हा बाजार पुन्हा उभा राहिला, कारण काम करणारीं माणसें परत आलीं. स्फोटानें जें झालें नाहीं तें पुढें एका पोलादी पेटाऱ्यानें केलें. माल कंटेनरांतून येऊं लागला. यारीनें तो उचलावा आणि थेट मोटारीवर ठेवावा. सन १९८९ त पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि असला माल बहुतेक तिकडे गेला. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आतां बुजविण्यांत आल्या आहेत. माल मुंबईला येतोच आहे. त्याच्याबरोबर येणारीं माणसें तेवढीं नाहींशीं झालीं.

टेकडीवरून आणखी एक गोष्ट दिसते. सन २०१३ त खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग खांबांवरून या भागास वरचेवर ओलांडून जातो. शहराच्या सोयीसाठीं तो हवाच होता. परंतु त्यावरून धांवणाऱ्या हजारों मोटारींपैकीं खालच्या दुकानांशीं थांबणारी एकहि नाहीं. अपवाद एकच, माझगांव डॉक. सन १९६० त सरकारनें घेतलेल्या या कारखान्यांतून 'निलगिरी' सारख्या युद्धनौका बाहेर पडल्या, आणि अजूनहि पडत आहेत. पाळी सुटली म्हणजे कामगार चालत बाहेर येतात, आणि जवळच्या वडेवाल्याच्या कढईखालचा जाळ वाढतो.

टेकडी उतरून आल्यावर नाना थोडे थबकले. जवळच बाबू गेनू मंडईची इमारत होती. सन १९३० च्या १२ डिसेंबरला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढें आडवा होऊन ज्या गिरणी कामगारानें प्राण दिले, त्याचें नांव या मंडईस दिलें होतें. महानगरपालिकेच्या मालकीची ही इमारत सन २०१३ च्या २७ सप्टेंबरला पहांटे कोसळली, आणि ६१ माणसें गतप्राण झालीं. वर राहणारीं कुटुंबें पालिकेच्याच नोकरांचीं होतीं. बाजार सुधारण्याच्या गोष्टी बोलतांना आपण रोषणाई आणि पाट्या यांचा विचार आधीं करतों. पण ज्या छपराखालीं दुकान मांडावयाचें, तें डोक्यावर पडणार नाहीं ही खात्री सर्वांआधीं पाहिजे. आणि खाजगी चाळींची स्थिति तरी काय आहे? भाडें जुन्या कायद्यानें गोठलेलें, त्यामुळें मालक दुरुस्ती करीत नाहीं. पागडी देऊन बसलेला दुकानदार दुसऱ्याच्या भिंतींत पैसा घालण्यास कचरतो. आणि पाणी दोघांच्याहि नांवानें भिंतींत मुरत राहतें.

चार वाजतां आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोहोंचलों. भाऊ अजिंक्य यांच्या नांवाचा हा धक्का कोंकणच्या कित्येक पिढ्यांनीं ट्रंका आणि वळकट्या घेऊन ओलांडला आहे. त्या मोठ्या बोटी बंद पडून आतां बरींच वर्षें झालीं. तरी रेवस आणि मोरा येथील लाँचा येथून सुटतात, आणि सन २०२० पासून मांडव्यास मोटारींसकट नेणारी मोठी बोटहि जाते. पहांटेचा मासळीबाजार उरकून धक्का धुवून निघाला होता, बर्फाचा चुरा नाल्यांतून वाहत होता. दिवसभरांत प्रथमच आम्हांला येथें गर्दी दिसली. पिशव्या घेतलेल्या बायका, सायकलीचें चाक खांद्यावर टाकलेला एक मुलगा, औषधें घेऊन परतणारे म्हातारे. मोटारी बोटींत सरळ चढत, सरळ उतरत. खरेदी करीत होते ते पायीं चालणारे.

एका लहानशा दुकानांत भिंतीवर भरती-ओहोटीचें कोष्टक टांगलेलें पाहून नानांनीं त्याचें कारण विचारलें. दुकानदारीण बाई हंसून म्हणाल्या, "मोऱ्याला ओहोटीची लाँच लागत नाहीं, काका. पाणी कधीं, तर माणूस कधीं. मी घड्याळ बघून दुकान उघडत नाहीं, पाणी बघून उघडतें."

यावर नाना बराच वेळ गप्प होते.

या साऱ्या पट्ट्याचें भवितव्य आतां ठरत आहे. बंदराच्या पडीक जागेचा शहरास कसा उपयोग व्हावा याचा विचार करण्यास सन २०१४ त केंद्र सरकारनें समिति नेमली; सन २०१८ त पूर्व किनाऱ्याचा आराखडाहि प्रसिद्ध झाला. जागा मोठी आहे, आणि मोठ्या जागेवर मोठे मनोरे उभारण्याचा मोह सुटणें कठीण. अमेरिकेंत बोस्टन शहरानें बंदराजवळचें आपलें जुनें क्विन्सी मार्केट सन १९७६ त असेंच पुन्हा उभें केलें. लोक लोटले, पडकी जागा गजबजली. परंतु तेथून रोजचा बाजार नेणाऱ्या गृहिणींची जागा हळूहळू हौशी प्रवाशांनीं घेतली. इतकें दूर कशाला, माझगांवच्या शेजारीं भेंडीबाजार आहे. तेथें दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासानें सन २००९ पासून साडेसोळा एकरांतील सुमारें २५० जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचें काम हातीं घेतलें. त्यांत सुमारें ३२०० कुटुंबें आणि १२५० दुकानें आहेत, आणि त्या दुकानदारांना त्याच वस्तींत पुन्हा जागा देण्याचा संकल्प आहे. काम लांबलें, त्रासहि झाला. तथापि घर आणि दुकान यांचा विचार एकत्र करावा, हें त्यांतील तत्त्व आम्हांस मोलाचें वाटतें.

माझगांवसाठीं आम्ही मागावें तें फार थोडें आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनापासून धक्क्यापर्यंत म्हाताऱ्या माणसास निर्धास्त चालतां येईल अशी सावलीची पायवाट असावी. पूल पाडण्यापूर्वीं पायीं जाणाऱ्यांची सोय आधीं व्हावी. जुन्या इमारतींची तपासणी कागदावर न राहतां दुरुस्ती व्हावी. आणि नवी इमारत उठेल तेव्हां तळमजल्यावरील जुना दुकानदार तळमजल्यावरच परत यावा, चौथ्या मजल्यावर नव्हे. फेरीवाल्यांसाठीं सन २०१४ चा कायदा आहेच. त्याप्रमाणें त्यांच्या जागा आंखून द्याव्या. माणसांचीं पावलें जेथून जातात तेथें दुकान आपोआप तग धरतें. पावलें तोडून मग बाजारास उत्तेजन देणें म्हणजे झाडाचें मूळ छाटून पानांवर पाणी शिंपडण्यासारखें आहे.

संध्याकाळीं नाना आमच्या दादरच्या घरीं चहास आले. गाडींत ते म्हणाले होते, "शाळा सातला भरते, आणि मी दहाला फळी काढतों. मुलें दुकानावरून जातात तेव्हां तें बंद, आणि मी उघडून बसतों तेव्हां रस्ता रिकामा. दिवाळीपर्यंत सातला उघडून पाहतों. मग ठरवूं."

आम्हांला आनंद वाटला; पण तो फार वेळ टिकला नाहीं. दारांतच एक खोका येऊन पडलेला होता. नातीच्या शाळेच्या वह्या आमच्या मंडळींनीं मोबाइलवर बोट टेकवून मागविल्या होत्या, दहा मिनिटांत घरपोंच. ज्यांच्या मामांचें व मामेभावाचें वह्यांचें दुकान, त्यांच्या घरीं वह्या याप्रमाणें येत होत्या, आणि त्यांत आम्हांस आजवर कांहीं वावगें दिसलें नव्हतें. मंडळींना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. पैसे आमच्याच खात्यांतून गेले होते. नानांनीं खोका पाहिला, उचलून टेबलावर ठेवला, आणि चहांत साखर कमी आहे एवढेंच म्हणाले.

त्यानंतर वह्या आम्ही गिरगांवांतून आणतों. जाण्यायेण्याचें भाडें धरलें तर त्या महाग पडतात, हें खरें. दुकान दिवाळीनंतर राहील कीं नाहीं, हें अद्याप ठरलेलें नाहीं. तें सकाळीं सातला उघडतें, आणि माझगांवाहून आणलेलें कुलूप त्याच्या फळीला लागलें आहे.