मागच्या वेळचा लॉग

जॉब नीट संपला की त्याचा लॉग कुणी उघडत नाही. अबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला, की पाच जण एकदम उघडतात, हव्या त्या चार ओळी उचलतात आणि तिकिटात डकवतात. त्यामुळे बिघडलेल्या जॉबची कागदपत्रं आपसूक जपली जातात आणि सुखरूप संपलेल्यांची कुणाच्या लक्षातही न येता पुसली जातात. मेनफ्रेमच्या बॅचवर केस पिकल्यावर माझं मत नेमकं उलटं झालंय. जपायचे असतील तर आधी सुखरूप जॉबचे लॉग जपा.

नवीन मुलं विचारतात, त्यात बघायचं काय? रिटर्न कोड शून्य, विषय संपला. पण शून्य म्हणजे प्रोग्रॅमची तक्रार नाही, एवढंच. इनपुटची फाइल रिकामी आली तरी कितीतरी कोबोल प्रोग्रॅम शून्य रेकॉर्ड वाचतात, शून्य लिहितात आणि शून्य कोड देऊन बाहेर पडतात. जॉब वेळेवर सोडणाऱ्या शेड्यूलरच्या पडद्यावर सगळं हिरवं. एरवी चाळीस मिनिटं घेणारा जॉब आज दोन मिनिटांत कसा उरकला, ही शंका यायला ‘एरवी’ ठाऊक हवं. ते जुन्या, कंटाळवाण्या, कुणी न वाचलेल्या लॉगमध्ये असतं. एस-झीरो-सी-सेव्हन हा अबेंड आला तर यंत्र स्वतःच ओरडतं: आकड्याच्या जागी भलतंच काही आलंय. दोन मिनिटांत संपलेला जॉब ओरडत नाही.

मेनफ्रेमवर जॉब चालला की स्पूलवर, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, त्याचं बाड तयार होतं. आधी जॉबचा प्रवास, मग विस्तारून लिहिलेलं जेसीएल (जॉबच्या सूचना), मग यंत्रणेचे निरोप, शेवटी प्रोग्रॅमनं स्वतः छापलेलं. यातले कितीतरी निरोप आजही ‘हास्प’ या अक्षरांनी सुरू होतात. साठच्या दशकात नासाच्या ह्यूस्टन केंद्रात लिहिलेल्या स्पूलिंगच्या प्रोग्रॅमचं हे नाव. त्यातून आज जॉब आणि स्पूल सांभाळणारं जेस-टू घडलं, निरोपांवरचं नाव मात्र तसंच राहिलं. स्पूलची जागा मोजकी असते. ती भरत आली की ऑपरेटरला इशारे येतात, भरली की नवे जॉब अडतात. म्हणून रोज स्पूल रिकामा करावाच लागतो. प्रश्न एवढाच, की रिकामा करताना काय कुठे ठेवायचं?

सरधोपट उत्तर म्हणजे जनरेशन डेटा ग्रुप: एकाच नावाखाली फाइलच्या ओळीनं पिढ्या. शून्य म्हणजे सर्वांत ताजी पिढी, उणे एक त्याआधीची, आणि मर्यादा संपली की सर्वांत जुनी पिढी गळते. ही मर्यादा बरीच वर्षं २५५ होती, पुढे वाढवून घेतली तर ९९९. सोय झकास, पण ती धावा मोजते, दिवस नव्हे. तीस पिढ्या ठेवल्या म्हणजे महिना सांभाळला असं वाटतं. महिनाअखेरीस एकच जॉब रात्रीतून आठदहा वेळा पुन्हा चालवावा लागला, की मागचा आठवडाभराचा इतिहास त्या गोंधळात गळून जातो. नेमका गोंधळाच्या दिवशी. शेड्यूलरच्या स्वतःच्या नोंदींचंही तसंच. कंट्रोल-एम या शेड्यूलरमधला आयओए लॉग गोल फिरतो. शेवटपर्यंत भरला की पुन्हा पहिल्या नोंदींवरून लिहू लागतो. वेळेत बाजूला काढून ठेवला नाही तर तो स्वतःलाच खातो.

ठेवलेल्यातलं नेमकं कुठल्या दिवसाचं बघायचं, हा पुढचा प्रश्न. मी स्वारगेटला राहतो. आषाढीच्या आधी आमच्या एसटी स्टँडवर पंढरपूरच्या जादा गाड्या लागतात, तेव्हा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जी झुंबड असते ती पुणेकरांना सांगायला नको. समजा, यंदा किती गाड्या लागतील याचा अंदाज तुम्हाला बांधायचाय. कालचे आकडे बिनकामाचे. गेल्या वर्षीची हीच तारीखही बिनकामाची. २०२३ची आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ची १७ जुलैला, २०२५ची ६ जुलैला. बघायची ती तिथी.

शेड्यूलरलाही तिथी असते. कंट्रोल-एमच्या भाषेत ओडेट: हा जॉब कुठल्या कामकाजी दिवसाचा, याची नोंद. तो प्रत्यक्षात कधी चालला हा वेगळा मुद्दा. शेड्यूलरचा दिवस मध्यरात्रीच बदलतो असंही नाही. जिथली तिथली ठरलेली ‘न्यू डे’ची वेळ आली की बदलतो. तोवर पहाटे दोनला चाललेला जॉब कालचाच. पंचांग बघणाऱ्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, हे आजीनं आधीच पढवलेलं असतं. तरीही बहुतेक ठिकाणी लॉगची बाडं तारीख-वेळेच्या नावानं लावलेली दिसतात. मग मार्चअखेरचं काम २ एप्रिलच्या पहाटे उरकलेलं असलं, की शोधणारा ३१ मार्चच्या गठ्ठ्यात हात घालतो आणि मोकळ्या हातानं परत येतो. अर्काइव्हची सूची ओडेटवर हवी. जॉबचं नाव, ओडेट, कितवी धाव, लागलेला वेळ, वाचलेले आणि लिहिलेले रेकॉर्ड. एवढी एक ओळ कायमची ठेवली तर मूळ बाड पुसलं गेलं तरी निम्मं काम भागतं.

अमेरिकेची बॅच सांभाळणाऱ्यांना आणखी एक त्रास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे लॉगमध्ये पहाटेचा एक ते दोन हा तास दोनदा येतो. यंत्राचं आतलं घड्याळ जागतिक वेळेवर शांतपणे चालू असतं, पण छापली जाते ती स्थानिक वेळ. ओळी वेळेनुसार लावल्यात तर दोन्ही तासांची खिचडी होते, आणि आधी संपलेला जॉब नंतर सुरू झालेला दिसतो. आपल्याकडे ही भानगड नाही, म्हणून पुण्यात बसलेल्या माणसाला ती पहिल्यांदा खरीच वाटत नाही.

लॉग किती काळ ठेवायचा, यावर बैठका खूप होतात. आपल्याकडे सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कार्डांच्या व्यवहाराला पीसीआयचं मानक लागतं. त्यात एक वर्ष, आणि शेवटचे तीन महिने हाताशी. हे किमान आकडे. पण कचेरीत किमान म्हणून शिरलेला आकडा कमाल होऊन बसतो. १८० दिवस म्हटलं की १८१व्या दिवशी सफाईचा जॉब हजर. ३१ मार्चच्या रात्रीचा लॉग अशा हिशेबानं २७ सप्टेंबरच्या सुमाराला मोडीत निघतो, आणि त्याची गरज पडते पुढच्या ३१ मार्चला! वर्षातून एकदा चालणाऱ्या जॉबला दिवसांचा नियम लावणं म्हणजे त्याला कधीच मागची आठवण मिळू न देणं. नियम फेऱ्यांवर हवा. रोजच्या जॉबचे काही महिने, महिन्याच्या जॉबचे दोनतीन वर्षांचे, वार्षिक जॉबचे निदान मागचे तीन. जागेची ओरड इथे चालत नाही, कारण वार्षिक जॉब मुळात असतात किती?

सगळंच ठेवा, असंही मी म्हणत नाही. एखाद्या प्रोग्रॅमरनं तपासणीसाठी घातलेली डिस्प्लेची ओळ राहून गेली, तर ग्राहकाचे खाते क्रमांक वर्षानुवर्षं टेपवर जातात. असे जॉब हुडकून त्यांचं छापणं आधी बंद करायला हवं. बाड मोठ्या काळासाठी ठेवण्याचा विचार त्यानंतर. आणि टेपवर गेलेलं परत मिळतं का, हे मधूनमधून ताडून पाहावं लागतं. बरेच दिवस न उघडलेली फाइल साठवण सांभाळणारा एचएसएम प्रोग्रॅम आधी दाबून डिस्कवर, मग टेपवर सरकवतो. कुणी मागितली की उठवून आणतो. उठते हे खरं, पण अबेंडच्या रात्री ती टेपवरून यायची वाट बघत बसणं जिवावर येतं. म्हणून आमच्याकडे वार्षिक जॉबच्या आदल्या आठवड्यात एक छोटा जॉब चालतो. गेल्या वेळचे लॉग टेपवरून उठवून डिस्कवर आणून ठेवणं, एवढंच त्याचं काम. त्याचा लॉग मात्र रोजच्या रोज पुसला जातो, त्याला माझी हरकत नाही.