चुबुत नदीकाठचा चहा

जुलैअखेर पातागोनियात ऐन हिवाळा असतो. त्रेलेवहून गायमानला निघालेल्या बसची काच बाहेरून धुळीनं आणि आतून वाफेनं धुरकटली होती. कोपरा पुसून पाहिलं, तर दोन्ही बाजूंना बोडक्या, भुरकट टेकड्या, मधे पानगळ झालेल्या पॉप्लरची रांग आणि झाडांच्या बुंध्याशी पाण्याचा पाट. हे पाट ज्यांनी खणले, त्यांच्या पतवंडांकडे मी चहाला चालले होते.

तारीख 28 जुलै. 1865 साली याच दिवशी ‘मिमोसा’ हे जहाज दीडशेच्या आसपास वेल्श माणसांना घेऊन आजच्या पुएर्तो माद्रिनच्या किनाऱ्याला लागलं. लिव्हरपूल सोडून दोन महिने झाले होते. त्यांत खाणकामगार होते, शिंपी होते, चांभार होते. शेती जाणणारे मात्र थोडेच. आणि आले ते दुष्काळी वाऱ्याच्या मुलखात. इतक्या दूर का? धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स यांनी अमेरिकेत गेलेले वेल्श लोक भराभर इंग्रजी होताना पाहिले होते. मायदेशीही शाळेत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाची पट्टी अडकवली जाई. आपली भाषा कुणाला न विचारता बोलता येईल अशी जागा त्यांना हवी होती.

सुरुवातीची वर्षं उपासमारीची गेली. तेहुएल्चे या मूळ रहिवाशांनी त्यांना ग्वानाकोची शिकार शिकवली, पावाच्या बदल्यात मांस दिलं. या वसाहतीची गोष्ट सांगताना तेहुएल्चेंचं नाव आधी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं; ‘गायमान’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. पुढे 1867मध्ये नदीचं पाणी शेतात वळवण्याची कल्पना निघाली. तिचं श्रेय रेचल जेंकिन्स या शेतकरीणबाईंना दिलं जातं.

प्रार्थनामंदिराला लागून असलेल्या खोलीत लांबलचक टेबलं मांडली होती. किटल्यांवर विणलेल्या टोप्या, घरचं लोणी, जॅम, पाव आणि मधोमध ‘तोर्ता नेग्रा’, म्हणजे सुक्या मेव्याचा काळा केक. तो महिनोन्‌महिने टिकतो. लग्नातल्या केकचा एक थर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी राखून ठेवायची रीत असल्याचं शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या माझ्याशी स्पॅनिशमधे, पलीकडच्या बहिणीशी वेल्शमधे बोलत होत्या. “आजी, कोणत्या भाषेत हिशेब करता?” मी विचारलं. “पैशांचा स्पॅनिशमधे,” त्या म्हणाल्या, “देवाघरचा वेल्शमधे.”

हे सहज टिकलेलं नाही. अर्जेंटिनाच्या सरकारी शाळांत स्पॅनिश आली आणि वेल्श हळूहळू घरात नि प्रार्थनेत आक्रसत गेली. 1965च्या शताब्दीनं तिला पुन्हा मंचावर आणलं. आइस्टेदवोद, म्हणजे कविता, गायन आणि पठणाच्या स्पर्धांचा मेळा, तेव्हापासून जोमानं भरू लागला. मोठा मेळा ऑक्टोबरमधे त्रेलेवला असतो. कवी टोपणनावानं रचना पाठवतात. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं जातं आणि गर्दीतून एक माणूस उभा राहतो. वेल्श कवितेला खुर्ची मिळते, स्पॅनिश कवितेला मुकुट. दुसऱ्या भाषेलाही असा मान देणारा हा मेळा मला फार मोठ्या मनाचा वाटला.

1997पासून वेल्सहून शिक्षक इथं शिकवायला येतात. त्रेलेव, गायमान आणि आन्दीजच्या पायथ्याचं त्रेवेलिन या तिन्ही ठिकाणी वेल्श-स्पॅनिश शाळा आहेत. लुइस जोन्स यांनी 1891मध्ये सुरू केलेलं ‘अ द्रावोद’ हे पत्रही तग धरून आहे. (त्रेलेव म्हणजे याच लुइसचं गाव.) त्यांची मुलगी एलिनेद हिचा जन्म 1870मध्ये बोटीवर झाला, म्हणून तिला ‘मॉर्गन’, सागरजन्मा, हे नाव मिळालं. तिनं पुढे आन्दीजच्या प्रवासावर वेल्शमधे पुस्तक लिहिलं. या खोऱ्यात प्रवासवर्णन लिहायला बसताना तिची आठवण काढल्याशिवाय मला राहवेना.

चहा आटोपला तशी एक सहा-सात वर्षांची मुलगी खुर्चीवर चढून वेल्श गाणं म्हणू लागली. दुसऱ्या कडव्यात अडखळली, तेव्हा टेबलाच्या चारही बाजूंनी पुढचा शब्द आला. निघताना आजींनी काळ्या केकचा तुकडा कागदात बांधून माझ्या हातात दिला आणि ऑक्टोबरमधे परत ये म्हणून बजावलं.