सहीची तसबीर

आपल्या वस्त्यांत घराघरांतून भिंतीवर महापुरुषाचा फोटो असतो. सकाळी त्याला हार घालून आपण कामाला जातो. पण फोटोखाली त्या माणसाची सही असली, तर ती निरखून पाहणारे आपल्यात किती? मीही पाहत नव्हतो. गेल्या वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टनला भाच्याकडे गेलो, तेव्हा एका सहीने मला एका टेकडीवरच्या घरापर्यंत नेले. त्या फेरीची ही हकिगत.

भाच्याच्या कपाटात फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र होते. मूळ पुस्तक १८५५ सालचे. उघडताच पहिल्या पानासमोर त्यांची तसबीर. दाट केस, रोखलेली नजर, आवळलेल्या मुठी. त्या काळी फोटो धातूच्या पत्र्यावर उमटे आणि त्याची एकच प्रत निघे. म्हणून फोटोवरून कोरीव चित्र करून ते पुस्तकात छापत. तसबिरीखाली वळणदार अक्षरात सही : फ्रेडरिक डग्लस.

मी कारकून माणूस. रोज शेकडो सह्या डोळ्यांखालून जातात. पण ही सही करणारा माणूस गुलाम म्हणून जन्मला होता, हे कळल्यावर पान उलटवेना.

रविवारी भाचा म्हणाला, "मामा, चला, त्यांचं घरच दाखवतो." अ‍ॅनाकोस्टिया नदी ओलांडून गेलो. टेकडीवर पांढऱ्या खांबांच्या ओसरीचे घर. नाव सीडर हिल. पायऱ्या चढताना माझे गुडघे बोलू लागले. वर पोहोचून मागे वळलो, तर लांब अमेरिकेच्या संसदेचा पांढरा घुमट दिसला.

हे घर आधी एका गोऱ्या व्यापाऱ्याचे. टेकडीखालची वसाहत वसवणाऱ्यांत तो होता आणि तिथली जागा काळ्यांना विकायची नाही, असा करारच होता. त्याच व्यापाऱ्याचे राहते घर १८७७ साली डग्लस यांनी ६,७०० डॉलरला विकत घेतले. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. आत त्यांची अभ्यासिका आहे. लिहायचे टेबल, पुस्तकांची कपाटे. त्या टेबलापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

कारण हा हात लिहायला कसा शिकला, ते भाच्याने येताना गाडीत सांगितले होते. डग्लस यांचा जन्म १८१८ सालचा, मेरीलँड प्रांतातला. लहानपणी त्यांना बाल्टिमोरला धाडले. तिथल्या मालकिणीने मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालकाने बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. मुलाने तेवढ्यावरून ओळखले की सुटकेची वाट इथूनच जाते. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकला. जहाजाच्या कारखान्यात सुतार फळ्यांवर खुणेची अक्षरे लिहीत, ती पाहून गिरवायला शिकला.

या हाताने पहिले मोठे लिखाण केले ते खोट्या परवान्यांचे. १८३६ साली पळून जाण्यासाठी त्यांनी आपल्या सोबत्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, गोऱ्या मालकाच्या नावाने सही करून. बेत फुटला. पकडले गेल्यावर त्यांनी आपली चिठ्ठी विस्तवात टाकली आणि सोबत्यांनी आपापल्या चिठ्ठ्या चावून गिळल्या. दोन वर्षांनी, ३ सप्टेंबर १८३८ रोजी, एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे कागद उसने घेऊन ते निसटले. कागदावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते, पण रेल्वेतल्या तपासनिसाने नीट पाहिले नाही.

जन्माचे आडनाव बेली. पकडले जाऊ नये म्हणून ते टाकावे लागले. न्यू बेडफर्ड गावी आसरा देणाऱ्या गृहस्थाने डग्लस हे नाव सुचवले. ते त्यांनी घेतले, पण फ्रेडरिक हे नाव सोडले नाही.

आता यातला धोका पाहा. १८४५ साली त्यांचे पहिले आत्मचरित्र निघाले. त्यातही तसबीर आणि खाली सही. फरारी गुलामाने आपला चेहरा, आपले नाव आणि मालकाचेही नाव छापून टाकले! पकडणाऱ्याला आणखी काय हवे? त्यांना समुद्रापार जावे लागले. तिकडच्या स्नेह्यांनी १८४६ साली मालकाला दीडशे पौंड भरून त्यांना कायद्याने मोकळे केले. १८५५ च्या पुस्तकातली सही ही अशी मोकळ्या माणसाची सही आहे.

पुढे त्यांनी आयुष्यभर फोटो काढून घेतले. सुमारे १६० आज सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत इतके फोटो दुसऱ्या कोणाचे नसावेत, असे अभ्यासक म्हणतात. त्यांत ते सहसा हसत नाहीत. एका पुस्तकात त्यांचे गोडसे चित्र छापले, तेव्हा १८४९ साली त्यांनी तक्रार केली की फरारी गुलामाचा चेहरा असा सौम्य नसतो. याच सीडर हिलमध्ये २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वारले.

या लढ्याची ओळख आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते.

भाच्याने त्या तसबिरीची प्रत छापून दिली. घरी आल्यावर आईला दाखवली. सगळी गोष्ट ऐकून तिने सहीवरून बोट फिरवले आणि विचारले, "ही त्येनं सोताच्या हातानं केलीया?"

मी मान डोलावली आणि मला लाज वाटली. वस्तीत मी पाच वर्षे रात्रीचा वर्ग चालवला. शेजारणी सही करू लागल्या. माझी आई मात्र अजून पासबुकासाठी अंगठाच उठवत होती. वर्गाच्या वेळी ती माझा स्वयंपाक करायची.

त्याच रात्री पाटी काढली. तीन आठवडे लागले. पहिल्यांदा बँकेत सही केली, तर खिडकीतले साहेब म्हणाले, "आजी, आमच्याकडे तुमचा अंगठा आहे. सही चालायची नाही. नवीन फॉर्म भरावा लागेल."

आई म्हणाली, "भरती की. द्या हिकडं."