ताश्कंद : पायी पाहिलेले शहर

दिल्लीहून थेट विमान घेतले तर सुमारे तीन तासांत आपण ताश्कंदला उतरतो आणि मनगटावरचे घड्याळ केवळ अर्धा तास मागे करावे लागते. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. त्यामुळे अलीकडे आपल्याकडील प्रवासी कंपन्यांनी या शहराच्या चार-पाच दिवसांच्या सहली जोरात चालविल्या आहेत. त्यांच्या पत्रकांत डोंगरावरचा बर्फ असतो, पाळणे असतात, खरेदी असते, रात्रीचे कार्यक्रम असतात. ताश्कंद मात्र फारसे नसते. आम्ही सहा कुटुंबांतील तेरा जण गेलो होतो. बहुतेक जण पेढीवाले : कोणाचे कापड, कोणाचे धान्य, एकाची सराफी. जन्मभर पगार घेतलेला मीच एकटा. एक पूर्ण दिवस माहितगार व्यक्तीसोबत पायी हिंडावे, असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा “चालायलाच जायचे, तर घराजवळची बाग काय वाईट?” असा शेरा मिळाला. अखेर बहुमत माझ्या बाजूने झाले, ते महिलावर्गाच्या पाठिंब्यामुळे.

मार्गदर्शक म्हणून आलेली मुलगी विद्यापीठात हिंदी शिकलेली होती. सकाळी नऊ वाजता तिने अमीर तैमूर चौकात, घोड्यावर बसलेल्या तैमूरच्या पुतळ्यापाशी आम्हांला गोळा केले. 1398 साली दिल्ली उद्ध्वस्त करणारा तैमूर तो हाच. आपल्या पाठ्यपुस्तकातला क्रूरकर्मा येथे राष्ट्रपुरुष आहे. परंतु हा मान या चौकात त्याच्याआधी इतरांनाही मिळून गेला आहे. येथे प्रथम झारचा गव्हर्नर जनरल कॉफमन उभा होता, पुढे स्टालिन आला, मग कार्ल मार्क्स, आणि उझबेकिस्तान स्वतंत्र झाल्यावर तैमूर. चौकातील जुनी चिनार झाडे 2009 मध्ये तोडली गेली. पुतळे बदलल्याचे ती मुलगी हसत सांगत होती. झाडांविषयी बोलताना मात्र तिचा स्वर उतरला.

तेथून चालत स्वातंत्र्य चौक गाठला. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या उझबेक सैनिकांची नावे येथे पितळी पानांच्या वह्यांत कोरलेली आहेत आणि समोर शोकमग्न मातेचा पुतळा बसलेला आहे. जवळच नवोई नाट्यगृह. 1947 साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या बांधकामावर जपानी युद्धकैदी राबले. शत्रूच्या देशात, सक्तीने केलेले काम. पण त्यात कुचराई झाली नाही. 1966 च्या भूकंपात शहर कोसळले, तेव्हा ही इमारत उभी राहिली. जपानी भाषेतही लिहिलेला स्मृतिफलक भिंतीवर लावला आहे.

यानंतर भुयारी रेल्वे. 1977 साली सुरू झालेली ही मध्य आशियातील पहिली मेट्रो. छायाचित्रांवरील बंदी 2018 पर्यंत होती. आता यथेच्छ काढता येतात. प्रत्येक स्थानकाची सजावट निराळी. अंतराळवीरांच्या नावाचे स्थानक निळ्या चिनी मातीच्या फरशांनी मढवलेले आहे आणि त्यावर गागारिन व तेरेश्कोवा यांच्या पंक्तीत पंधराव्या शतकातला राजा-ज्योतिर्विद उलुगबेग आहे. आमच्या व्यापारी मंडळींचे पाय मात्र ‘पख्ताकोर’ स्थानकात अडखळले. पख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. दोन्ही भिंतींवर उमललेली बोंडे!

या बोंडांचा आपल्याशी संबंध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर तेथला कापूस येईनासा झाला, तेव्हा जगाच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला आणि प्रेमचंद रायचंद हे आपले सुरतचे श्रावक त्या बाजाराचे राजे झाले. कापसाची तीच टंचाई रशियन गिरण्यांनाही भोवत होती. युद्ध संपले आणि जुलै 1865 मध्ये मुंबईचा सट्टा कोसळला. त्याच्या आदल्याच महिन्यात रशियन सैन्याने ताश्कंद जिंकले होते. पुढे या भूमीवर कापूस एवढा लादला गेला की, नद्यांचे पाणी त्यालाच पुरेना आणि अरल समुद्र आटला. आपली आई विद्यार्थिदशेत दर शरद ऋतूत सक्तीने कापूस वेचायला जात असे, असे ती मुलगी सहज सांगून गेली. आमच्यातले कापडवाले काका, जे एरवी कोणत्याही धाग्याचा भाव डोळे मिटून सांगतात, ते पुढल्या स्थानकापर्यंत काही बोलले नाहीत.

मेट्रोनेच एका शिल्पापाशी गेलो, ज्याच्यासाठी मी पुन्हा ताश्कंदला जाईन. शोअहमद शोमहमुदोव हा येथला एक लोहार. महायुद्धात अनाथ झालेली मुले गाड्या भरभरून ताश्कंदला येऊ लागली, तेव्हा त्याने आणि त्याची पत्नी बहरी हिने त्यांतली पंधरा मुले घरी आणली. रशियन, ज्यू, तातार, जे आले ते. लोहाराची मिळकत ती किती! 2008 मध्ये हे शिल्प शहराबाहेर नेले होते. 2018 मध्ये ते मूळ जागी परत आले. एकेका मुलाच्या चेहऱ्यासमोर थांबत आमच्या सौ.नी पंधरा मोजून खात्री करून घेतली.

दुपारी चोरसू बाजार. भव्य निळ्या घुमटाखाली तळमजल्यावर मांसविक्री चालते, तेव्हा आपल्या मंडळींनी आधीच विचारून बाजूच्या जिन्याने वरच्या सज्जात जावे. तेथे सुक्या मेव्याचे राज्य आहे. जर्दाळू, बेदाणे, अक्रोड, बदाम, पिस्ते आणि खडीसाखरेचे मोठमोठे स्फटिक. विक्रेता प्रथम मूठभर चव द्यायला देतो, मग भाव सांगतो. बाहेर तंदूरमधून निघणाऱ्या गोल रोट्या, मध्यभागी ठशाने उमटवलेली नक्षी. ही रोटी पालथी ठेवणे येथे अशुभ व अन्नाचा अपमान समजतात. कांदा घातलेलीही एक जात मिळते, म्हणून विचारून घ्यावी. तेरा जणांचे जेवण रोटी, दही, टोमॅटो-काकडी आणि डाळिंबे यांवर उत्तम झाले. त्यांचा सुप्रसिद्ध पुलाव मांसाचा असल्याने तो आपल्या उपयोगाचा नाही.

भावाची घासाघीस चालू असता एक मौज लक्षात आली. उझबेक भाषेत दुकान म्हणजे ‘दोकोन’, बाजार ‘बोझोर’, तराजू ‘तरोझी’, हिशेब ‘हिसोब’, कर्ज ‘कर्झ’, फायदा ‘फोयदा’, व्यापार म्हणजे ‘सव्दो’, आपला सौदा. किमतीला ‘नर्ख’ म्हणतात आणि जुन्या मराठी कागदांतला ‘निरख’ तो हाच. फारसीने दोन्हीकडे पेरलेले हे शब्द. कापडवाले काका आणि एक म्हातारी मेवेवाली यांनी दुभाष्याशिवाय, केवळ या शब्दांवर आणि बोटांवर, चार किलो जर्दाळूंचा सौदा पुरा केला. या बाजारांत आपली माणसे नवी नव्हेत. मुलतानी आणि शिकारपुरी सावकार शतकानुशतके येथील सरायांत राहून कापड विकत, व्याजाने पैसा देत आणि हुंडीवर रक्कम हिंदुस्थानात पोहोचवत. रशियन अमलात त्यांचा धंदा बसत गेला.

नोटांविषयी सांगितल्याशिवाय बँकवाल्याला राहवत नाही. शंभर डॉलर दिले की बारा लाखांच्या आसपास सोम हाती येतात आणि माणूस क्षणभर लक्षाधीश होतो. पूर्वी सरकारी भाव एक आणि गल्लीतला दुसरा असे. 5 सप्टेंबर 2017 रोजी सरकारने डॉलरचा भाव सुमारे 4,200 सोमवरून एकदम 8,100 वर नेला. त्या दिवसापासून काळा बाजार ओसरला. विनिमय बँकेतच करावा, पावती मिळते.

उन्हे कलताना भूकंपाच्या स्मारकापाशी आलो. 26 एप्रिल 1966, पहाटे 5 वाजून 23 मिनिटे. भूकंपाचे केंद्र थेट शहराखाली, अगदी कमी खोलीवर होते. बळी थोडे गेले, परंतु सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. दगडी ठोकळ्यापासून निघालेली भेग जमिनीवरून एका कुटुंबाच्या पायांपर्यंत जाते : पुरुष पुढे, त्याच्या आड स्त्री आणि मूल.

मी मनाशी तारखा लावत होतो. या भूकंपाच्या अवघे साडेतीन महिने आधी, 10 जानेवारी 1966 रोजी, याच शहरात लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या होत्या. संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाणही तेथे होते. त्याच मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी गेले. त्यांच्या शवपेटीला कोसिगिन यांच्याबरोबर अयूब खान यांनीही खांदा दिला. जिंकलेली हाजी पीर खिंड परत देण्यावरून आपल्याकडे तेव्हा संताप होता. आमच्या गटातही त्यावरून दोन तट पडले. माझे मत असे की, अन्नधान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहणाऱ्या देशाला ते युद्ध लांबविणे परवडणारे नव्हते आणि हे ज्याला स्पष्ट कळले, त्याने त्याची किंमत स्वतः चुकती केली.

शास्त्रीजींचा अर्धपुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता आमच्या कार्यक्रमात नव्हता. तेथे जायचे तर सायंकाळची मॉलमधली खरेदी सोडावी लागणार होती. या वेळी मतदान घ्यावे लागले नाही. टॅक्सीने गेलो. पुतळा लहानसा आहे, शास्त्रीजींच्या अंगलटीला शोभेसा. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होई. 1965 च्या त्या दिवसांत सोमवारी तेही होत नसे, कारण पंतप्रधानांनी एक वेळ उपवासाचे आवाहन केले होते. हे मी नातवंडांच्या वयाच्या त्या मुलीला सांगितले, तर तिला ते ठाऊक नव्हते. मग तिला शास्त्रीजींच्या मोटारीचीही हकिकत सांगितली. पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली, तेव्हा पैसे कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजार रुपयांचे कर्ज काढले होते. ते गेले तेव्हा कर्ज शिल्लक होते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

“कर्झ?” तिने विचारले.

“कर्झ,” मी म्हणालो.