ओल आणि ताण

माझा जन्म वसईच्या वाडीतला. नोकरीची वर्षे मात्र औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेली. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, इथे सरासरी सातशेच्या आसपास. त्यामुळे बागाईतीचे दोन निरनिराळे धडे मला गिरवावे लागले.

वसईची हवा उष्ण व दमट. केळी, पानवेल, अळू यांना ती मानवते. केळीच्या मुळाशी ओल तुटू द्यायची नाही, हा वाडवडिलांचा दंडक. मात्र त्याच दमटपणामुळे पावसाळ्यात काकडी-दोडक्याच्या पानांवर केवडा रोग पडतो. म्हणून वेल मांडवावर चढवायचे, दाटी टाळायची, वारा खेळता ठेवायचा. इथे माझ्या परसात पावसाळ्याचे चार महिने हे शिक्षण उपयोगी पडते. पडवळाचा मांडव मी त्याच रीतीने घालतो.

दुसरा धडा मोसंबीच्या बागांनी दिला. मृग बहार धरायचा तर बागाईतदार एप्रिल-मे महिन्यांत झाडांचे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, काही गळतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. मृगाच्या सरींबरोबर तेच झाड फुलांनी डवरते. वसईकराच्या डोळ्यांना हे निर्दय वाटते. परंतु ताण किती द्यायचा, हे जमिनीचा पोत पाहून ठरते. २०१२-१३ च्या दुष्काळात मात्र ते माणसाच्या हाती उरले नाही. औरंगाबाद-जालना जिल्ह्यांत कित्येक बागा उभ्या वाळल्या.

तेव्हापासून घरात भाजी धुतलेले पाणी वाया जात नाही. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर केळीचे एक बेट वाढते आणि आळ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन असते.

दुःख वाटते ते वसईचे. रहाट जाऊन पंप आले, टँकर भरभरून विहिरींचे पाणी बाहेर गेले आणि कित्येक विहिरींना खारटपणा आला. खाऱ्या पाण्यावर केळ तग धरत नाही. ओल अमाप वाटली, म्हणून ती कोणी मोजली नाही.

आमची उरलेली वाडी आता पुतण्या पाहतो. त्याला मी एवढेच सांगत असतो, ‘‘बाळा, खत मागाहून घाल, आधी महिन्याच्या महिन्याला विहिरीत दोरी सोडून पाणी मोज, आणि तेवढ्यावरच केळी लाव.’’