तुळशीचा तांब्या

8 एप्रिल 2016, गुढीपाडवा
गुढीवर तांब्या उपडा घालण्याआधी हिने तो नीट निथळून घेतला. निथळलेलं घोटभर पाणी मोगऱ्याच्या बुडाशी.

संध्याकाळी गल्ली पारावर बसली. टँकरचं पाणी झाडांना घालायचं नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, अंगणात सडा नाही. टँकर माणशी 20 लिटरच्या हिशेबाने येतो आणि त्यात जास्वंदीला कुणी माणूस धरत नाही. सूट एकच, तुळशीला रोज तांब्याभर. त्यावर कोण बोलणार?

10 एप्रिल
बीडला जाऊन आलो. घाट उतरल्यावर पालीजवळ बिंदुसरा तलावाच्या तळाला भेगा. आमचं मांजरसुंबा डोंगरमाथ्यावर. पाऊस पडला की एका अंगाचं पाणी बिंदुसरेकडे, दुसऱ्या अंगाचं मांजरेकडे. दोन्ही शेवटी गोदावरीला मिळतात, आम्ही मधे कोरडे.

रस्त्याच्या चौपदरी कामावर धूळ बसवायला टँकर उभा होता. त्याचं पाणी कुठलं, ते विचारायचं राहून गेलं. खरं तर धीर झाला नाही.

दुपारी मडक्याच्या तळाला भोक पाडलं, चिंधीची वात घातली, मोगऱ्याशेजारी पुरलं. त्यात मोरीतलं बिनसाबणाचं पाणी. आमच्या ठरावात मोरीचा उल्लेख नाही.

13 एप्रिल
काल मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. ते आटलं म्हणून ही गाडी.

आज उच्च न्यायालयाने सांगितलं, 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानांना सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असं याचिकेत म्हटलं होतं. क्रिकेट मंडळ म्हणत होतं, आम्ही प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. जन्मभर त्रैराशिक शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवले. 60 भागिले 5. लातूरच्या 12 गाड्या.

पारावर एका पोराने विचारलं, "सर, सामने तिकडं न्हेले म्हणून आपल्या नळाला पाणी येणारे का?"

नाही येणार. मराठवाड्यातला ऊस किती पितो, ते मैदानाच्या हिशेबात बसणारं नाही. पण मैदानाचं गवत टीव्हीवर दिसतं, ऊस दिसत नाही. तरी मला निकाल आवडला. गल्लीने माझी जास्वंद सोडायला लावली, तर वानखेडेने का सोडू नये?

20 एप्रिल
जास्वंद गेली. बांधावरचं सीताफळ मात्र पानं टाकून गप्प उभं आहे. त्याने कधी कुणाकडे पाणी मागितलं नाही. बालाघाटातल्या खडकावर त्याचं बरं चालतं.

गल्लीत तुळशी वाढल्या आहेत. एका घरापुढे पाच कुंड्या मोजल्या. एकीत तुळशीच्या आडून कोथिंबीर डोकावत होती. कुणाला बोलायला जाणार, तर आमच्याच मोगऱ्याच्या आळ्यात तुळशीचं रोप!

"हे काय?"

"तुळस. आपोआप उगवली."

"नेमकी मोगऱ्याच्या बुडाशी?"

"तिला काय विचारायचं, कुठं उगव म्हणून? तुम्ही मडकं पुरलं तेव्हा मी काही बोलले का?"

1 मे
तारीख 30 एप्रिलनंतरची असूनही आजच्या पुण्यातल्या सामन्याला न्यायालयाने मुभा दिली. रात्री वीज होती म्हणून पाहिला. मुंबईने 8 गडी राखून जिंकला. माझं लक्ष सगळं गवताकडे. हिरवंगार, कडेपर्यंत.

ही भाकऱ्यांची परात पुसता पुसता दारात थांबली. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही त्यांची तुळस, अहो."

2 मे
सकाळी तांब्या घेऊन आळ्यापाशी गेलो. तुळशीच्या रोपालाच घातला, अगदी मुळाशी. निम्मा मोगऱ्याकडे गेला.